करडईचा डबा, शेंगदाण्याचे तेल आणि ‘हाय ओलेइक’चे लेबल

प्रश्न : आम्ही बार्शी तालुक्यात राहतो. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि चार महिन्यांचा नातू. माहेरच्या कोरडवाहू रानात करडई असे, म्हणून घरात पहिल्यापासून करडईचेच तेल. हल्ली जोडीला घाण्यावरचे शेंगदाणा तेल आणतो. यजमान ५९ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पुण्याची मुलगी म्हणते की करडई बंद करा आणि ‘हाय ओलेइक’ सूर्यफूल किंवा ऑलिव्हचे तेल आणा. ते आम्हाला फार महाग पडते. आमचे करडईचे तेल उन्हाळ्यात खवट होते आणि कढईला चिकट थर बसतो, म्हणजे ते तेल वाईट आहे का? तळणीचे उरलेले तेल पुन्हा वापरावे का? भाऊ विचारतो की ओलेइकवाले बियाणे पेरावे का? शिवाय मुलीने नातवाच्या मालिशीसाठी ऑलिव्ह तेलाची बाटली पाठवली आहे. ती वापरू का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न वरवर पाहता वेगवेगळे वाटतात; पण कढईचा चिकटपणा, यजमानांचे कोलेस्टेरॉल, भावाचे बियाणे आणि नातवाची मालिश या सगळ्यांच्या मुळाशी तेलातल्या ओलेइक आम्लाचे प्रमाण हीच एक बाब आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तिचे उत्तर निराळे येते. ‘ओलेइक जास्त ते तेल चांगले’ एवढेच सूत्र धरून चाललात, तर निदान दोन ठिकाणी तुमची फसगत होईल. म्हणून हे आम्ल काय आहे ते आधी पाहू.

कोणतेही खाद्यतेल म्हणजे निरनिराळ्या मेदाम्लांची मिसळण असते. ओलेइक हे त्यांपैकी एक. त्याच्या साखळीत कार्बनचे १८ अणू असतात आणि मधे एका ठिकाणी दुहेरी बंध असतो. लिनोलेइक आम्लातही कार्बन १८च, पण दुहेरी बंध दोन. स्टिअरिक आम्लात तितकेच कार्बन असून दुहेरी बंध एकही नसतो, आणि एवढ्याशा फरकाने ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसपर्यंत घट्ट राहते, तर ओलेइक १३-१४ अंशांनाच पातळ होते. कोकणात टाचांच्या भेगांना लावायचे कोकमाचे मुठेल हातात गोळा धरता येईल इतके घट्ट असते, कारण त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक असते. हवेतला प्राणवायू दुहेरी बंधाच्या लगतच्या कार्बनला जाऊन भिडतो, आणि दोन बंधांच्या मधोमध सापडलेला कार्बन तर त्याच्या फारच लवकर तावडीत येतो. त्यामुळे लिनोलेइक हे ओलेइकच्या दहापटीहून अधिक वेगाने बिघडते. तुमच्या नेहमीच्या करडईच्या तेलात साधारण ७० ते ७८ टक्के लिनोलेइक आणि जेमतेम १०-१५ टक्के ओलेइक असते. ते उन्हाळ्यात खवट होणारच. त्यात ना तुमच्या घाणेवाल्याची लबाडी आहे, ना तुमची हयगय.

चिकट थराचे कारणही हेच आहे. एकदा मी काचेच्या दोन पट्ट्यांवर, एकीवर करडईच्या आणि दुसरीवर शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून त्या खिडकीत उभ्या करून ठेवल्या होत्या. तीन आठवड्यांनी शेंगदाण्याच्या पट्टीवर बोट नुसते घसरत होते, तर करडईच्या पट्टीवर ते चिकटत होते, आणि नख ओढले की पातळ पापुद्रा सुटून येत होता. करडईच्या तेलाचे रेणू प्राणवायूच्या साह्याने एकमेकांना जखडले जातात आणि तेलाचा पापुद्रा होतो. कढईच्या काठावर, जिथे तेलाचा थर पातळ आणि आच जास्त, तिथे हीच क्रिया तासाभरात घडते. आपल्या जुन्या लोकांना हा गुण माहीत होता. करडईचे तेल आटवून त्याचे काळे, चिकट रोगण करत आणि ते विहिरीवरच्या दोरांना व मोटेच्या चामड्याला चोळत, म्हणजे चामडे पाण्याने कुजत नसे. रंगांच्या धंद्यात आजही करडईच्या तेलाला याच गुणामुळे किंमत आहे. जे तेल रंगाला उत्तम ते तळणीला कच्चे, एवढाच याचा अर्थ. ते विषारी आहे किंवा खाण्यास वाईट आहे, असा मुळीच नाही.

आता यजमानांविषयी. मुलीचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे, पण तो निम्माच बरोबर आहे. रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवण्यात आहारातला मोठा वाटा संपृक्त मेदाचा, म्हणजे ज्यात दुहेरी बंध एकही नाही अशा मेदाचा, आणि त्याहून वाईट म्हणजे ट्रान्स मेदाचा असतो. संपृक्त मेद काढून त्याच्या जागी ओलेइक आणले तर एलडीएल उतरते. लिनोलेइक आणले तरीही ते उतरते, किंबहुना किंचित अधिक. करडईच्या तेलात संपृक्त मेद जेमतेम १० टक्के आहे, ऑलिव्हमध्ये सुमारे १४, शेंगदाणा तेलात १७ ते २०, पामतेलात निम्मे, तुपात ६० टक्क्यांहून अधिक आणि खोबरेल तेलात ९०च्या आसपास. तेव्हा केवळ कोलेस्टेरॉलच्या कारणाने करडई बंद करण्याची काहीही गरज नाही. घरात काही कमी करायचेच असेल तर ते चहाबरोबरच्या खारी-बटरमधले, बाजारच्या फरसाणातले आणि बेकरीच्या बिस्किटांतले करावे. कारण तिथे बहुधा पामतेल किंवा वनस्पती तूप असते. वनस्पती तुपात ट्रान्स मेद येतो तोही ओलेइकसारख्या आम्लांतूनच. तेल घट्ट करण्यासाठी त्याला अर्धवट हायड्रोजन दिला की ओलेइकच्या वाकलेल्या साखळीचे रूप पालटून ती सरळ होते, आणि मग ती शरीरात संपृक्त मेदापेक्षाही वाईट वागते. भारतात १ जानेवारी २०२२पासून तेलातुपातल्या अशा औद्योगिक ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट झाली.

‘हाय ओलेइक’ तेलाच्या बाजूने जो दावा केला जातो, त्याचेही शब्द नीट वाचायला हवेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१८मध्ये ज्या तेलांत निदान ७० टक्के ओलेइक आहे, त्यांच्या लेबलावर असे लिहिण्यास परवानगी दिली की रोज सुमारे २० ग्रॅम असे तेल घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकेल. पुरावा अनुकूल आहे पण निर्णायक नाही, हे त्याच वाक्यात सांगण्याची अट आहे, आणि त्याहून महत्त्वाची अट म्हणजे हे तेल संपृक्त मेदाच्या जागी आले पाहिजे आणि दिवसाच्या एकूण उष्मांकांत भर पडता कामा नये. म्हणजे तूप, बटर, फरसाण होते तसेच ठेवून वरून दीड मोठा चमचा महागडे तेल ओतले, तर त्याचा उपयोग नाही. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरीच असतात. ऑलिव्हचे तेल त्याला अपवाद नाही. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तेल बदलले म्हणून बंद करू नका, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण तेल बदलल्यावर ‘आता गोळी कशाला’ असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत.

तुम्ही दुसरे तेल म्हणून जे आणता, ते शेंगदाण्याचे तेल मात्र तुमच्या मुलीच्या नजरेतून सुटलेले दिसते. आपल्याकडे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गोडेतेल म्हटले, त्या तेलात साधारण ४० ते ५० टक्के ओलेइक असते. ७०ची रेषा ते गाठत नाही हे खरे, पण करडईच्या तिपटी-चौपटीने ते पुढे आहे, आणि रोजच्या फोडणीला व तळणीला ते सहज पुरे पडते. तिळाच्या आणि तांदळाच्या कोंड्याच्या तेलात ओलेइक साधारण ४० टक्के असते, शिवाय तिळात सेसमॉलसारखी द्रव्ये असल्याने ते तेल पुष्कळ टिकते. ऑलिव्हमध्ये ओलेइक ५५ ते ८३ टक्के, कॅनोलात ६०च्या आसपास, बदाम तेलात ६० ते ७०. मुलगी म्हणते ते हाय ओलेइक सूर्यफूल ८० टक्क्यांच्या पुढे जाते. साधे सूर्यफूल मात्र मुख्यतः लिनोलेइकचे असते, तेव्हा बाटलीवर नुसते सूर्यफुलाचे चित्र पाहून दाम मोजू नका. बाटलीच्या मागे पोषणाचा तक्ता असतो, त्यात ‘मुफा’चा, म्हणजे एकच दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांचा आकडा पाहावा. आपल्या बहुतेक तेलांत मुफा म्हणजे जवळजवळ सगळे ओलेइकच असते. याला मोहरीचे तेल हा मोठा अपवाद आहे, कारण त्याच्या मुफात बराच वाटा इरुसिक आम्लाचा असतो. तो आकडा मोठा दिसला म्हणून ते ऑलिव्हच्या जातीचे होत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगते. डिसेंबरात तुमचे घाण्याचे शेंगदाणा तेल गढूळ होऊन तळाशी पांढरट साका बसला, तर घाबरू नका. शेंगदाण्यात लांब साखळीची काही संपृक्त आम्ले थोड्या प्रमाणात असतात, ती थंडीत थिजतात. बाटली कोवळ्या उन्हात ठेवली की तेल पुन्हा निवळते. तेवढ्यावरून भेसळीचा संशय घेऊन भांडू नये.

मग घरात काय करावे? माझे मत असे की तळण, पुऱ्या, भजी यांना शेंगदाण्याचे तेल वापरावे, आणि करडईचे तेल जिथे आच कमी किंवा मुळीच नाही तिथे, म्हणजे भाकरीबरोबरच्या चटणीवर, ठेच्यावर, कोशिंबिरीवर आणि पालेभाजीच्या झटपट फोडणीत वापरावे. करडईच्या ताज्या तेलाचा तो खास, किंचित उग्र वास ज्यांच्या जिभेला लहानपणापासून माहीत आहे, त्यांना त्याची जागा दुसरे कोणतेही तेल भरून देणार नाही, आणि ते सुख सोडण्याचे कारण मला दिसत नाही. तुमच्याकडच्या शेंगदाण्याच्या कुटलेल्या चटणीत तेल बाहेर येईपर्यंत दाणे कुटले जातात. तेल दाण्याच्या पेशीतून सुटून हवेला लागते, म्हणून दाणे सहा महिने टिकतात पण चटणी महिन्यातच वास मारू लागते. ती थोडी थोडी कुटावी, घट्ट झाकणाच्या बरणीत दाबून भरावी आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावी.

खरेदीची सवय मात्र बदला, असा माझा आग्रह आहे. घरात चार मोठी माणसे आहेत. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरले तर दिवसाला ८० ग्रॅम, आणि १५ किलोचा डबा सहा महिन्यांहून अधिक पुरला पाहिजे. फोडलेला करडईचा डबा सहा महिने, त्यातही मार्च ते मे, चांगला राहणे शक्यच नाही. आणि तुमचा डबा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी ६० ग्रॅम तेल पोटात जाते आहे. मग ते कोणते तेल आहे हा प्रश्न पुढचा. यजमानांच्या प्रकृतीसाठी तेलाच्या जातीपेक्षा हा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून डबा फोडला त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहून ठेवा. यापुढे घाण्यावरून एकेक-दोन-दोन किलो आणा, स्टीलच्या किंवा गडद काचेच्या कोरड्या भांड्यात काठोकाठ भरा, आणि गॅसच्या शेजारच्या फळीवरून ते हलवा. तळाशी उरलेल्या जुन्या तेलावर नवे तेल ओतू नका. खवटपणा विरजणासारखा नव्या तेलातही पसरतो.

तळणीच्या उरलेल्या तेलाबद्दल आपल्याकडे दोन टोके आहेत. कुणी ते एकदा वापरून मोरीत ओततात, जे नासाडीचेही आहे आणि नाली तुंबवणारेही, तर कुणी दिवाळीचे तेल संक्रांतीपर्यंत पुरवतात. पुऱ्या तळताना तेल १८० अंशांच्या आसपास असते. त्या तापात, पदार्थातून सुटणाऱ्या वाफेत आणि हवेत तेलाचे तुकडे पडत जातात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा बिघाडातून तयार होणारे घटक (त्यांना ध्रुवीय घटक म्हणतात) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाद्यपदार्थासाठी वापरता येत नाही. घरी हे मोजता येत नाही, पण डोळ्यांना दिसते. तेल गडद होते, झाऱ्यावरून मधासारखी जाड धार पडते, पुरी सोडल्यावर बुडबुडे चटकन विरण्याऐवजी बारीक फेस वर साचून राहतो, आणि पूर्वीपेक्षा कमी आचेवर धूर येऊ लागतो. यांतले एक लक्षण दिसले तरी ते तेल संपले असे समजावे. एकदा, फार तर दोनदा तळलेले शेंगदाणा तेल गार झाल्यावर मलमलीच्या फडक्यातून गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवायला हरकत नाही. तळाचा काळा गाळ मात्र त्यात येऊ देऊ नका, कारण तोच पुढच्या बिघाडाला वेग देतो. करडईच्या तेलात तळलेच, तर ते दुसऱ्यांदा तापवू नये. सणाच्या मोठ्या तळणीसाठी मुलीने हाय ओलेइक सूर्यफुलाची एखादी पिशवी आणली तर ती जरूर वापरा. त्या तेलाचा खरा गुण तिथेच कामाला येतो. ऑलिव्हच्या उत्तम प्रतीच्या तेलात पुऱ्या तळणे मला पटत नाही, कारण ज्या वासासाठी आणि कडसर द्रव्यांसाठी त्याची किंमत मोजली, तीच कढईत जाळली जातात.

भावाच्या प्रश्नाने मला विशेष आनंद झाला, कारण या विषयाचा एक धागा आपल्याच देशातल्या करडईपर्यंत जातो. भारतातून गेलेल्या करडईच्या एका वाणात १९५७मध्ये नेहमीच्या उलट, म्हणजे ओलेइक भरपूर आणि लिनोलेइक कमी असलेले तेल आढळले, आणि त्यावरून कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल्डन नोल्स यांनी १९६६मध्ये ‘यूसी-१’ हे वाण दिले. ओलेइकला दुसरा दुहेरी बंध जोडणारे विकर (एन्झाइम) त्या झाडात नीट काम करत नाही, म्हणून ओलेइक तिथेच साठून राहते. त्यासाठी बाहेरचे जनुक घालावे लागत नाही. सूर्यफुलात हाच गुण सोव्हिएत संघात १९७०च्या दशकात ‘पेरव्हेनेट्स’ या वाणात आला, आणि भुईमुगात १९८०च्या दशकात फ्लोरिडात सापडला. भुईमुगाची ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ ही सुमारे ८० टक्के ओलेइकची वाणे जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून आपल्याकडेही आणली आहेत. चिक्की, खारे दाणे, पीनट बटर करणाऱ्यांना असा दाणा हवा असतो, कारण माल जास्त दिवस खवट होत नाही.

तरी भावाला सांगा की पेरण्याआधी गिऱ्हाईक शोधावे. साध्या घाण्यावर त्याची करडई दहा जणांच्या करडईत मिसळली, की तिचा गुण संपला आणि जादा भावही गेला. करडईच्या फुलांवर मधमाश्या भरपूर येतात, आणि शेजारच्या साध्या करडईचा पराग बसला तर त्या दाण्यातले ओलेइक घटते. म्हणून अंतर राखावे लागते आणि घरचे बी वर्षानुवर्षे ठेवता येत नाही. भुईमुगात ही अडचण कमी, कारण त्याचे परागण बहुतेक आपल्याच फुलात होते. बियाण्याची खात्री परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा सोलापूरच्या करडई संशोधन केंद्रात विचारून करावी. दुकानदाराच्या पुड्यावरच्या छापील शब्दांवर भरवसा ठेवू नये. आणि कुणी तेल घेणारा भेटला नाही, तर ‘भीमा’ किंवा ‘परभणी कुसुम’ ही नेहमीची करडई लावायला काहीच कमीपणा नाही. रब्बीतल्या कोरड्या रानात ओलाव्यासाठी इतके खोल मूळ धाडणारी पिके आपल्याकडे फार नाहीत, आणि करडईचे क्षेत्र ज्या वेगाने आटले आहे त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेवटी नातू. इथे ‘ओलेइक जास्त म्हणजे चांगले’ हे सूत्र उलटे फिरते. सुटे ओलेइक आम्ल त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातली मेदाची बांधणी सैल करते. औषध कातडीतून आत जावे म्हणून काही मलमांत ते मुद्दाम घालतात ते याचसाठी. मोठ्या माणसांच्या हातावर ऑलिव्ह तेल काही आठवडे लावून पाहिल्यावर त्वचेचे हे कवच कमजोर झालेले आढळले आहे, आणि बाळाची त्वचा तर अजून घडते आहे. त्याला इसब असेल किंवा कातडी कोरडी, लालसर असेल, तर ऑलिव्ह तेल नकोच. मालिश करायचीच असेल तर खोबरेल तेल किंवा लिनोलेइकचे साधे सूर्यफूल तेल थोडेसे घेऊन, न रगडता, हलक्या हाताने करावी आणि आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारावे. मोहरीचे तेलही लावू नका. सुनेच्या डोक्यात कोंडा होत असेल तर तिनेही ऑलिव्हचे तेल चोळू नये, कारण टाळूवरची बुरशी तेलातून ओलेइक सोडवते आणि कोंडा होणाऱ्यांची टाळू त्यानेच चिडते.

मुलीने पाठवलेल्या बाटलीवर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक आहे का ते पाहा. मालिशीसाठी विकले जाणारे ऑलिव्ह तेल खाण्याचे असतेच असे नाही. क्रमांक असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर ती बाटली यजमानांच्या काकडीच्या कोशिंबिरीसाठी काढून ठेवा, आणि उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवा.